तळ दिसत नसेल तर स्विमिंग पूल उघडू देऊ नका: सरपंचांना खुले पत्र

प्रति,
जिल्ह्यातील सर्व सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

संक्रांतीची वाणं अजून वाटून व्हायची आहेत आणि मी उन्हाळ्यातल्या पोहण्याबद्दल पत्र लिहिते आहे, याचं कारण २६ जानेवारीची ग्रामसभा. आपल्या भागात पूल होळीनंतर भरायला लागतात. १ मेच्या ग्रामसभेची वाट पाहिली तर तोवर परीक्षा आटोपलेल्या असतात, घरोघरी पाहुणे आलेले असतात आणि पोरं पाण्यात उतरलेली असतात. म्हणून आत्ताच लिहिते.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात १९ वर्षांपासून आरोग्यसेविका आहे. दहा वर्षांपूर्वी माझ्याकडच्या पाच गावांत एकही स्विमिंग पूल नव्हता. आज रस्त्याला लागून तीन आहेत. एक ढाब्याच्या मागे, एक लग्नाच्या लॉनमध्ये आणि एक शेतात, कृषी पर्यटनाचा. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं. शेतकऱ्याच्या हातात चार पैसे आले, गावातल्या दोन-चार पोरांना काम मिळालं, याचा मला आनंदच आहे. नवतपाच्या दिवसांत पारा पंचेचाळिसावर जातो, कूलरही गरम वारा फेकतो, तेव्हा लेकरांना पाण्यात उतरावंसं वाटणारच. पूल बंद करा, असं माझं म्हणणं नाही.

माझं म्हणणं काय आहे ते सांगण्याआधी गेल्या मे महिन्यातली एक दुपार सांगते. जागेचं नाव लिहीत नाही. माझं भांडण एका मालकाशी नाही, आणि तिथे जे होतं तेच मी नंतर पाहिलेल्या बाकीच्या पूलांवरही होतं.

माझ्या मोठ्या बहिणीचा मुलगा सुट्टीत माझ्याकडे आला होता. अकरा वर्षांचा, पाचवीची परीक्षा दिलेला. माझा सुट्टीचा दिवस होता. आम्ही दोन घरची मिळून चौदा माणसं टाटा मॅजिक करून गेलो. सोबत रोडगे, वांग्याची भाजी, दोन टरबूज. माणशी दीडशे रुपये तिकीट. तिकीट फाडणारा पोरगाच चहा देत होता आणि तोच गाड्या लावून घेत होता. पाण्याकडे बघायला वेगळा माणूस नव्हता. हवा भरलेल्या ट्यूब होत्या, पण त्या ऑफिसात टांगलेल्या, तीस रुपये भाड्याने. म्हणजे एखादा बुडायला लागला तर त्याच्याकडे फेकायला काठावर काहीही नव्हतं.

पाण्यात तीस-पस्तीस जण असतील. पाणी तांदळाच्या धुवणासारखं, थोडं हिरवट. मी पहिल्या पायरीवर पाय सोडून बसले तर माझीच पावलं मला धूसर दिसत होती. गावोगावच्या पाण्याचे नमुने बाटलीत भरून पाठवणारी बाई मी. मला ते खटकलं होतं, आणि तरी मी काही बोलले नाही. ते अजून टोचतं.

पूल एका टोकाला तीन फूट होता, दुसऱ्या टोकाला सात. मधे उतार कुठून सुरू होतो ते कळायला दोरी नव्हती, काठाच्या फरशीवर आकडा नव्हता. ताई टरबूज कापत होती. फोडी ताटात मांडून तिने मुलांना हाका मारल्या. सगळे आले, हा आला नाही.

"तो कोठी गेला वं?" ताईने मला विचारलं.

मी पाण्याकडे पाहिलं. नुसती डोकी, हसणं, उडणारं पाणी. कोणी ओरडत नव्हतं, कोणी हात हलवत नव्हतं. मला वाटलं, लघवीला गेला असेल. तेवढ्यात खोल बाजूला एक कॉलेजातली मुलगी किंचाळली. तिच्या पायाला काहीतरी मऊ लागलं होतं. आधी तिला ती कोणाची तरी ओढणी वाटली.

त्याला वर काढलं तेव्हा ओठ जांभळे पडलेले, डोळे अर्धे उघडे. एका माणसाने त्याचे पाय धरून त्याला उलटं केलं आणि गरगर फिरवायला घेतलं. दुसरा ओरडत होता, "पोटातलं पाणी काहाडा, पोट दाबा!" त्यांचा हेतू चांगलाच होता. आपल्याकडे सगळ्यांना तेवढंच माहीत आहे. मी त्याला अक्षरशः हिसकावून घेतलं, फरशीवर उताणं निजवलं, हनुवटी वर केली, नाक चिमटीत धरलं आणि तोंडाने पाच श्वास दिले, छाती वर येते का ते बघत. मग छातीच्या मधोमध तळहाताने तीस दाब, पुन्हा दोन श्वास, पुन्हा तीस दाब. न रडलेल्या बाळाला अंबू बॅगने श्वास कसा द्यायचा ते आम्हाला शिकवलेलं असतं, मोठ्या लेकराची माहिती एका प्रशिक्षणात मिळाली होती. प्रत्यक्षात मी ते त्या दिवशी पहिल्यांदा केलं. फरशी इतकी तापली होती की माझे दोन्ही गुडघे भाजले. फोड आल्याचं मला दुसऱ्या दिवशी कळलं. तिसऱ्या फेरीत त्याला ओकारी झाली, मी त्याला कुशीवर वळवलं, आणि तो खोकला.

१०८ची गाडी आली. सहा दिवस तो दवाखान्यात होता, फुप्फुसात पाणी गेलेलं. आता सहावीत आहे, ठीक आहे. पण आंघोळीला डोक्यावरून तांब्या ओतू देत नाही. ताई ओल्या कपड्याने त्याचं डोकं पुसून काढते.

तो वाचला कारण मी त्या दिवशी सुट्टीवर होते. एवढ्या भरवशावर तीस-पस्तीस माणसं पाण्यात होती.

बुडणारा माणूस वाचवा-वाचवा म्हणून ओरडतो, हात हलवतो, असं आपण समजून चालतो. खरं म्हणजे ज्याला श्वास घेता येत नाही त्याला ओरडताही येत नाही. त्याचे हात आपोआप दोन्ही बाजूंना पाणी दाबत राहतात, तोंड पाण्याच्या वर-खाली होतं, आणि लहान मूल असं फार तर वीस सेकंद ते मिनिटभर टिकतं. मग खाली जातं. त्यानंतर मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर चार ते सहा मिनिटांत कायमचं नुकसान सुरू होतं. टरबुजाच्या फोडी ताटात मांडायला तेवढाच वेळ लागतो. ताईला लोकांनी नंतर फार बोललं, "लक्ष नव्हतं का तुझं?" मी तिच्या शेजारीच बसले होते. माझंही लक्ष होतं. पण खाली गेलेलं मूल त्या पाण्यात कोणालाच दिसलं नसतं, कारण तळच दिसत नव्हता.

म्हणून माझी मागणी तळापासून सुरू होते.

पूलचं पाणी गढूळ का होतं, ते नीट समजून घ्या, म्हणजे मालकाने 'गर्दीमुळे होतं हो' म्हटलं तर तुम्हाला उत्तर देता येईल. माणसाच्या अंगाचा घाम, तेल, लघवी पाण्यात उतरते आणि क्लोरीन त्यातच खर्च होतो. आपल्याकडचं ऊन तर क्लोरीन उडवूनच लावतं. उघड्या पाण्यातला साधा क्लोरीन कडक उन्हात दोन-तीन तासांत बहुतेक संपतो. सकाळी आठला टाकलेल्या पावडरीचा दुपारच्या गर्दीत काही उपयोग राहत नाही. मग शेवाळाची सुरुवात होते. त्यात फिल्टरची मोटर. शेतातल्या पूलवर थ्री फेज वीज दिवसातले काही तासच असते, आणि असते तेव्हाही बिल वाचवायला मोटर बंद ठेवलेली मी पाहिली आहे. पाणी फिरलं नाही की बारीक गाळ फिल्टरपर्यंत पोचतच नाही, पाण्यातच राहतो. डोळे चुरचुरतात, वास उग्र येतो, तेव्हा लोक म्हणतात भरपूर क्लोरीन आहे. तो वास बहुतेक वेळा घाण आणि क्लोरीन मिळून जे तयार होतं त्याचा असतो.

आता हे बघा. तुमच्या ग्रामपंचायतीत जलसुरक्षक आहे. टीसीएलचा, म्हणजे ब्लीचिंग पावडरचा, साठा आहे. ओ.टी. टेस्टचा संच आहे. नळाच्या शेवटच्या टोकाला किमान ०.२ पीपीएम, म्हणजे लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम, क्लोरीन आहे का, हे तो नळीत थेंब टाकून, पिवळा रंग बघून सांगतो. पूलच्या पाण्यात १ ते ३ पीपीएम लागतो आणि पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचा आकडा, ७.२ ते ७.८ च्या दरम्यान लागतो. पूलच्या पाण्यासाठी आय.एस. ३३२८ हे भारतीय मानकही आहे. गावच्या विहिरीचं, टाकीचं पाणी तपासणारा माणूस रस्त्यापलीकडच्या पूलचं पाणी तपासू शकतो, फक्त त्याला कोणी तसं सांगितलेलं नाही.

आणि कार्डं तर तुम्हाला पाठच आहेत. वर्षातून दोनदा पाण्याच्या स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं आणि गावाला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. सलग पाच वर्षं चांगलं काम झालं तर चंदेरी कार्ड. लाल कार्ड मिळालं की सरपंचाला किती लागतं ते मी जवळून पाहिलं आहे. एका सरपंच ताईंनी लाल कार्ड आल्यावर आठ दिवसांत विहिरीजवळचा उकिरडा स्वतः उभं राहून उचलवून घेतला होता. ही लाज, ही धडपड पूलच्या बाबतीत वापरा. तुमच्या हद्दीतल्या प्रत्येक पूलला कार्ड द्या. कायद्यात असं कार्ड लिहिलेलं नाही, मला ठाऊक आहे. पण ग्रामसभेच्या ठरावाला गावात वजन असतं, आणि ठरावाची प्रत जिल्हाधिकाऱ्यांना पाठवता येते. २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष तेच असतात. पाच-पन्नास गावांचे ठराव गेले तर वरून नियम यायला वेळ लागणार नाही.

लाल कार्ड कशावर द्यायचं? माझ्या मते दोनच गोष्टींवर, आणि त्यात सवलत नको.

पहिली, तळ. घरातला काळा लोखंडी तवा घ्या, त्याला सुतळी बांधा आणि पूलच्या सगळ्यात खोल जागी तळाला सोडा. काठावर उभं राहून तो स्पष्ट दिसला पाहिजे, कड आणि मूठ सकट. दिसला नाही तर त्या दिवशी पूल बंद. ही तपासणी सकाळी एकदा आणि दुपारी गर्दीच्या वेळी एकदा. याला ना मशीन लागतं, ना इंजिनिअर.

दुसरी, बघणारा माणूस. पाण्यात लोक आहेत तोवर काठावर एक माणूस, ज्याला पोहता येतं, ज्याला श्वास आणि छातीवर दाब देता येतो, आणि ज्याला त्या वेळेत दुसरं कोणतंही काम नाही. तिकीट नाही, चहा नाही, हातात मोबाइल नाही. लोक जास्त असतील तर दोन माणसं. मालक म्हणतील परवडत नाही. माणशी दीडशे रुपयांप्रमाणे पस्तीस लोकांचे एका दुपारचे सव्वापाच हजार होतात. त्यातून एका पोराची रोजी निघते. आपल्या गावांत धरणावर, डोहात पोहून तयार झालेली कितीतरी पोरं रिकामी बसली आहेत. त्यांना शिकवा, हे काम द्या.

बाकीच्या गोष्टी पिवळ्या कार्डाच्या, पण त्याही जिवावरच्या. खोलीचे आकडे फरशीवर रंगवा आणि उतार सुरू होतो तिथे आडवी दोरी बांधा. तीन-चार फुटांच्या पाण्यात सूर मारू देऊ नका, तळाला डोकं आपटून मान मोडते आणि माणूस जन्मभर खाटेवर राहतो. कोण जास्त वेळ पाण्याखाली राहतो ही पैज पोरं लावतात, आधी जोरजोरात श्वास घेऊन बुडी मारतात, आणि त्यात चांगला पोहणारासुद्धा पाण्याखालीच बेशुद्ध पडतो. ती पैज दिसली की थांबवायची. पूलभोवती चार फुटांचं कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक हवं, कारण लग्नाच्या लॉनमधलं चालतं-फिरतं लेकरू पोहायला आलेलं नसतं, ते बूंदीच्या ताटाकडून निघतं आणि पाण्यापाशी पोचतं. लग्नाच्या लायटिंगच्या माळा पाण्याच्या कडेने सोडू नका. मोटर आणि दिव्यांच्या लाईनवर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लगेच लाईन तोडणारं यंत्र, बसवलेलं आहे का, तेवढं वायरमनकडून पाहून घ्या.

तळाच्या जाळीबद्दल मात्र थोडं थांबून सांगते, कारण हे आपल्याकडे कोणाच्या डोक्यातच नसतं. मोटर तळातून पाणी ओढते. जाळी तुटलेली असली, किंवा ओढायला एकच तोंड असलं, तर लेकराचे केस, हात, पोट तिथे चिकटतं आणि मोठ्या माणसालाही सोडवता येत नाही. अमेरिकेत २००२ साली व्हर्जिनिया ग्रेम बेकर नावाची सात वर्षांची मुलगी अशीच गेली. तिला पोहता येत होतं. तिचे आजोबा त्या देशाचे माजी परराष्ट्रमंत्री होते. तिच्या नावाने तिथे २००७ साली कायदा झाला. आपल्याला तेवढी वाट बघायची गरज नाही. जाळी शाबूत हवी, ओढणारी तोंडं दोन आणि एकमेकांपासून तीन फूट तरी दूर हवीत, आणि मोटर बंद करायचं बटण कुलपातल्या खोलीत नको, काठावरच्या माणसाच्या हाताशी हवं.

आणखी एक, माझ्या कामाशी जवळचं. फरशीचे डाग काढायला ॲसिड आणि पाण्याला टीसीएल, दोन्ही एकाच खोलीत, कधीकधी एकाच बादलीत. ती दोन एकत्र झाली की क्लोरीन वायू सुटतो आणि फुप्फुसं जाळतो. दोन वेगळ्या जागा, दोन वेगळ्या बादल्या. हे तुमच्या जलसुरक्षकालाही सांगा.

पूलवर पाटी असते: 'आपल्या जबाबदारीवर पोहावे, अपघात झाल्यास मालक जबाबदार नाही.' त्या पाटीने मालक सुटत नाही. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं आणि पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. मालकांना हे भीती घालायला सांगू नका, पण सांगा. त्यातले बरेच जण आपल्यासारखेच शेतकरी आहेत, कर्ज काढून पूल बांधलेला आहे, आणि ठेकेदाराने खड्डा, टाइल्स आणि मोटर सोडून काही सांगितलेलं नाही.

कोणी म्हणेल, आमचे आजे-पंजे विहिरीत पवायला शिकले, तेव्हा कुठे होतं हे सगळं? होतं. माझ्या भावाला वडिलांनी विहिरीतच शिकवलं. कमरेला पांगाऱ्याचं लाकूड, त्यावरून दोर, दोराचं टोक काठावर काकांच्या हातात, आणि वडील स्वतः पाण्यात. महिनाभर रोज. काकांनी त्या वेळात कधी बिडीसुद्धा पेटवली नाही, असं भाऊ अजून सांगतो. एका पोरामागे दोन मोठी माणसं होती. आज पस्तीस जणांमागे एकही नाही.

आणि मला कोणी शिकवलं नाही, ताईलाही नाही. मुलींना विहिरीत उतरवायची पद्धत नव्हती. त्या दुपारी काठावर आम्ही सहा बाया होतो, एकीलाही पोहता येत नव्हतं. त्याला खोल पाण्यातून ओढून आणणारी ती कॉलेजातली मुलगी एकटीच पोहणारी होती. पूलच्या मालकांशी बोलून आठवड्यातून दोन सकाळी फक्त बायका-मुलींना शिकवायला ठेवता आल्या तर बघा. लेकरांना घेऊन जाणाऱ्या आयाच असतात.

२०२२ मध्ये देशात बुडून सुमारे ३८ हजार माणसं गेल्याची सरकारी नोंद आहे. यात नद्या, विहिरी, तलाव, शेततळी सगळं आलं. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०२३ साली बुडण्याचे मृत्यू रोखण्यासाठी आराखडाही काढला आहे. शेततळ्यांचं मी आज फार लिहीत नाही. पण ३० बाय ३० मीटरच्या, तीन मीटर खोल शेततळ्याचं प्लास्टिक ओलं झालं की त्यावर पाय ठरत नाही, आत गेलेला माणूस काठाला हात लागूनही बाहेर येऊ शकत नाही. चारही बाजूंनी गाठी मारलेला जाड दोर आत सोडून ठेवायला दोनशे-चारशे रुपये लागतात. त्याच ठरावात ही एक ओळ घालता येईल.

शेवटचं, उलटं धरून फिरवण्याबद्दल. तुमच्या गावात दवंडी फिरते, व्हॉट्सॲप ग्रुप आहे, तिथे एवढं पोचवा. बुडालेल्याचं पोट दाबायचं नाही, उलटं धरायचं नाही, त्यात वेळ जातो आणि ओकारी श्वासनळीत जाते. श्वास नसेल तर उताणं ठेवून आधी तोंडाने पाच श्वास, मग छातीच्या मधोमध जोरात आणि भरभर, मिनिटाला शंभर ते एकशेवीस या गतीने तीस दाब, मग दोन श्वास, आणि हे मदत येईपर्यंत चालू. एकाने हे करायचं, दुसऱ्याने १०८ लावायचा. पोरगं उठून बसलं, बोललं, तरी त्याला दवाखान्यात न्यायचं. फुप्फुसाचा त्रास काही तासांनीही वाढतो.

आमच्या गावच्या ग्रामसभेसाठी मी अर्ज दिला आहे, विषयपत्रिकेवर हा विषय आला आहे. ज्यांच्या गावात प्रशिक्षण ठेवायचं असेल त्यांनी आपल्या आशा ताईंकडे निरोप द्यावा. माझ्या भागात लसीकरण सत्र आटोपल्यावर दुपारी दोननंतर मी येऊ शकते. दाब शिकवायला एक घट्ट उशी लागते, ती तुमच्याकडून. तवा आणि सुतळी मी घेऊन येईन.

आपली,
एक आरोग्यसेविका
यवतमाळ जिल्हा